जुना कोट, नवं गाणं

'ब्रिजर्टन'च्या पहिल्या सीझनमधला तो बॉल आठवतोय? साल १८१३, शहर लंडन. झुंबरं लखलखतायत, गाऊन आणि हातमोजे घातलेली मंडळी अदबीने नाचतायत, मागे व्हायोलिन वाजतायत. आणि मध्येच आपली ट्यूब पेटते. अरे, ही चाल तर आरियाना ग्रांदेच्या 'थँक यू, नेक्स्ट'ची! मग शेजारी बसलेल्याला कोपर मारून 'ओळखलंस का?' असं विचारल्याशिवाय राहवत नाही.

ही करामत लॉस एंजेलिसच्या 'व्हिटॅमिन स्ट्रिंग क्वार्टेट'ची. २०२० च्या डिसेंबरमध्ये मालिका आली आणि 'आजचं हिट गाणं, कालच्या वाद्यांवर' हा प्रकार ज्याच्या-त्याच्या प्लेलिस्टमध्ये जाऊन बसला. पण हा उद्योग बराच जुना आहे. कुणी हेवी मेटल घेऊन त्याचं बिग बँड जॅझ केलं, कुणी पंक घेऊन त्याचा बोसा नोव्हा केला, कुणी रिहानाच्या 'अम्ब्रेला'ला पन्नासच्या दशकातलं रॉक अँड रोल करून टाकलं. त्याच २०२० मध्ये, लॉकडाउनच्या काळात, 'बार्डकोअर' नावाची लाट आली आणि पॉप गाणी थेट मध्ययुगीन युरोपात जाऊन पोचली.

यावर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, 'कसलं भारी!' दुसरी, 'गिमिक आहे यार, चार दिवसांचं.' मला दोन्ही अर्धवट वाटतात. नव्या गाण्याला जुना कोट चढवला की पहिलं मिनिटभर गंमत जवळजवळ फुकटात मिळते. त्यानंतर ते गाणं टिकतं की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरतं: तो कोट खरोखर शिवता येणारं कुणी तिथे हजर आहे का, की कोट भाड्याने आणलाय?

पहिलं मिनिट फुकट

आधी त्या फुकटच्या मिनिटाबद्दल बोलू, कारण गंमत ही काही कमी दर्जाची गोष्ट नाही. १९९५ च्या शरद ऋतूत ओएसिसचं 'वंडरवॉल' ब्रिटनच्या चार्टवर दुसऱ्या क्रमांकावर गेलं. ख्रिसमसच्या सुमारास त्याच गाण्याचं दुसरं रूप आलं, 'द माइक फ्लॉवर्स पॉप्स' या ग्रुपचं. साठच्या दशकातलं गुळगुळीत 'इझी लिसनिंग', कोरस, तुताऱ्या, सगळा थाट. बीबीसीच्या रेडिओ वनवर ख्रिस इव्हान्सने हेच मूळ गाणं असल्याची थाप ठोकून दिली. आणि हेसुद्धा दुसऱ्या क्रमांकावर गेलं! मूळ गाणं अजून लोकांच्या ओठांवर असताना त्याची थट्टासुद्धा त्याच पायरीवर जाऊन बसली.

अमेरिकेत रिचर्ड चीझ नावाचा गायक २००० पासून हेच करतोय. नाव खोटं, टक्सिडो खरा. त्याच्या पहिल्या अल्बमचं नावच 'लाउंज अगेन्स्ट द मशीन', म्हणजे 'रेज अगेन्स्ट द मशीन' या आक्रमक बँडच्या नावाला मारलेली कोपरखळी. ज्या गाण्यांत मूळ गायक घसा फाटेस्तोवर ओरडतो, ती गाणी हा हॉटेलच्या लाउंजमध्ये पाहुण्यांचं मन रमवणाऱ्या गवयासारखी हसत हसत गातो. 'डिस्टर्ब्ड' या बँडच्या 'डाउन विथ द सिकनेस'चं त्याने केलेलं रूप २००४ च्या 'डॉन ऑफ द डेड' या झोंबीपटात आहे. पडद्यावर जग बुडतंय आणि मागे हा आरामात गातोय. विनोद जमतो.

पण रिचर्ड चीझचा अख्खा अल्बम सलग ऐकून बघा. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत कळतं की विनोद एकच आहे, फक्त गाणं बदलतंय. रागीट शब्द अधिक गोड आवाज बरोबर हशा. तो स्वतः हे लपवत नाही, विनोदी कार्यक्रम म्हणूनच करतो, त्यामुळे तक्रारही नाही. प्रश्न पुढचा आहे. तेच गाणं आपण दुसऱ्यांदा, दहाव्यांदा का ऐकावं?

शब्द ऐकू येतात

याचं उत्तर दोन अल्बम शेजारी ठेवले की सापडतं.

पहिला पॅट बून याचा. पन्नासच्या दशकातला अमेरिकेचा गोडगोजिरा गायक, पांढरे बूट ही त्याची ओळख. १९९७ मध्ये त्याने 'इन अ मेटल मूड' नावाचा अल्बम काढला. मेटॅलिकाचं 'एंटर सँडमन', ऑझी ऑस्बर्नचं 'क्रेझी ट्रेन', डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर', सगळं बिग बँडच्या थाटात. त्याच्या प्रसिद्धीसाठी बासष्ट वर्षांचा बून अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सच्या मंचावर उघड्या अंगावर चामड्याचं जाकीट आणि खोटे टॅटू लावून आला. बरोबर ॲलिस कूपर. बूनला ज्या ख्रिस्ती वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम होता, तिथल्या प्रेक्षकांचा धीर सुटला आणि कार्यक्रम बंद झाला. पुढे त्याने वाहिनीवर येऊन खुलासा केल्यावर तो परत सुरू झाला, पण अल्बमपेक्षा जाकीट गाजलं ते गाजलंच.

दुसरा पॉल अँका याचा, २००५ चा 'रॉक स्विंग्ज'. निर्वाणाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट', साउंडगार्डनचं 'ब्लॅक होल सन', व्हॅन हेलनचं 'जंप', सगळी गाणी भरगच्च बिग बँडवर. कागदावर कल्पना तंतोतंत तीच. पण अँका डोळा मारत नाही. तो ही गाणी अशी गातो, जणू ती त्याच्याच जमान्यात, त्याच्याच माणसांसाठी लिहिली गेली होती.

आणि मग एक वेगळीच गोष्ट घडते, शब्द ऐकू यायला लागतात. ग्रंज आणि मेटलमध्ये आवाज गिटारच्या भिंतीआड असतो. शब्द कळले नाहीत तरी चालतं, ऊर्जा पोचते. बिग बँडबरोबर गाणाऱ्या गायकाचं शिक्षण नेमकं उलटं. माइक जवळ, आवाज मोकळा, प्रत्येक अक्षर स्वच्छ. त्यात स्विंगची लय. एका ठोक्याचे दोन सारखे तुकडे न करता पहिला लांब, दुसरा आखूड, त्यामुळे गाणं सरळ न धावता झुलत चालतं. खाली डबल बास एकेक पाऊल टाकत सूर बदलत जातो, त्याला 'वॉकिंग बास' म्हणतात ते उगाच नाही. या चौकटीत कर्ट कोबेनचे तुटक, विचित्र शब्द स्पष्ट उच्चारात कानावर पडले की कळतं, अरे, इथे एवढा थकवा आणि एवढा उपरोध होता होय! मूळ गाणं शंभरदा ऐकूनही ते निसटलं होतं.

अँकाच्या अल्बममध्ये बॉन जोव्हीचं 'इट्स माय लाइफ'सुद्धा आहे. त्या गाण्यात फ्रँक सिनात्राच्या 'माय वे'चा उल्लेख येतो. आता गंमत बघा. मूळ फ्रेंच चालीवर 'माय वे'चे इंग्रजी शब्द लिहिले ते खुद्द पॉल अँकाने, आणि १९६९ मध्ये सिनात्राने ते अजरामर केले. म्हणजे रॉक बँडने ज्या जुन्या गाण्याला सलाम ठोकला, त्या गाण्याचा लेखकच तो सलाम आपल्या आवाजात परत करतोय. एवढा आतला धागा भाड्याच्या कोटात सापडत नाही.

कोट कुणाचा होता?

पॅट बूनची गोष्ट मात्र चामड्याच्या जाकिटावर संपत नाही, ती मागे जाते. १९५५ मध्ये फॅट्स डॉमिनो या कृष्णवर्णीय गायक-पियानोवादकाने 'एन्ट दॅट अ शेम' हे गाणं आणलं. बूनने लगेच त्याचं आपलं रूप काढलं. बूनचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, डॉमिनोचं दहाव्यावर थांबलं. पुढच्या वर्षी लिटल रिचर्डच्या 'टुटी फ्रूटी'चंही बूनने असंच सोज्वळ रूप केलं. तेव्हाच्या अमेरिकेत गोऱ्यांचा आणि काळ्यांचा बाजार वेगळा होता, रेडिओ स्टेशनं वेगळी होती. काळ्या कलाकाराचं गाणं गोऱ्या घरात पोचायला अनेकदा गोरा आवाज लागायचा.

हे सांगायचं कारण, 'जुनी शैली' म्हणून आपण ज्याला क्यूट म्हणतो, ती आकाशातून पडलेली नसते. डू-वॉप हे मुख्यतः अमेरिकन शहरांतल्या काळ्या वस्त्यांतल्या पोरांनी, वाद्यं विकत घ्यायला पैसे नसताना, नाक्यावर उभं राहून गळ्यातून काढलेलं संगीत. न्यू ऑर्लिन्सचं जॅझ, मोटाउनचं सोल, यांतलं काहीच 'व्हिंटेज फिल्टर' म्हणून जन्माला आलं नाही. आणि कायद्याच्या दृष्टीने इथे एक मोठी फट आहे. गाण्याचं कव्हर केलं तर मूळ गीतकार-संगीतकाराला पैसे जातात. शैलीवर मात्र कुणाचाच कॉपीराइट नसतो. ती शैली ज्यांनी घडवली त्यांच्या खात्यात शून्य.

मग करायचंच नाही का? तसं नाही. इथे 'पोस्टमॉडर्न ज्यूकबॉक्स'चं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. न्यूयॉर्कचा जॅझ पियानोवादक स्कॉट ब्रॅडली याने स्वतःच्या दिवाणखान्यात एक कॅमेरा लावून व्हिडिओ करायला सुरुवात केली. मॅकलमोरचं 'थ्रिफ्ट शॉप', माइली सायरसचं 'वी कान्ट स्टॉप', रेडिओहेडचं 'क्रीप'. जुन्या शैलीत, एका टेकमध्ये, समोर दिसणाऱ्या माणसांनी वाजवलेलं. त्यांचं 'ऑल अबाउट दॅट बास' बघाच. मूळ गाण्यात 'बास' हा शब्द शरीराच्या बांध्यावरचा श्लेष आहे. इथे गायिका केट डेव्हिस स्वतःच्या उंचीपेक्षा मोठा डबल बास वाजवत ते गाते. श्लेष वाद्यात उतरतो. आणि गाणं आणि बास एकाच वेळी सांभाळणं हे वर्षानुवर्षांच्या रियाजाशिवाय होत नाही.

या उद्योगाने काय केलं, तर ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यांना, टॅप डान्सरना, मोठ्या पल्ल्याच्या गायक-गायिकांना काम दिलं, नाव दिलं, जगभरचे दौरे दिले. जुनी शैली जगवणारी माणसं आज आहेत आणि त्यांचं पोट आज भरायला हवं, हे त्यात गृहीत धरलंय. माझ्या मते हा फरक निर्णायक आहे. पोशाख दोघांचेही जुने असतात, पण एकाकडे त्या पोशाखातला माणूसही असतो.

आपल्याकडे उलटी गंगा

आता साहजिक प्रश्न, हिंदी-मराठीत असा प्रकार का फोफावला नाही? आपल्याकडे गंगा उलटी वाहते. आपण जुन्या गाण्याला नवा कोट चढवतो. नव्वदच्या दशकातले 'झंकार बीट्स' म्हणजे जुन्या गाण्यांवर लादलेले ढोल-ढमाके. १९७२ च्या 'समाधी'तलं 'कांटा लगा' २००२ मध्ये रीमिक्स होऊन आलं आणि नुसता धुमाकूळ झाला. त्यानंतर तर दर दुसऱ्या चित्रपटात एक '२.०' गाणं. उलट्या दिशेचं काम आपल्याकडे कोण करतं माहितीये? वरातीतला ब्रास बँड! कालचं हिट गाणं आज क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि साइड ड्रमवर वाजवून दाखवणं हे ती मंडळी कित्येक पिढ्या करतायत. फक्त त्याला आपण 'कव्हर' म्हणत नाही आणि त्यांचं नाव विचारत नाही.

यामागे सवय आहे तसा कायदाही आहे. अमेरिकेत एकदा गाणं प्रसिद्ध झालं की ठरलेली रॉयल्टी भरून कुणीही त्याचं कव्हर काढू शकतो. आणि तिथला कायदा स्पष्ट म्हणतो की मूळ चाल आणि गाण्याचा गाभा न बदलता, आपल्या सादरीकरणाच्या शैलीला जुळेल अशी नवी बांधणी करायला हरकत नाही. म्हणजे ब्रॅडलीचा अख्खा संसार त्या एका तरतुदीवर उभा आहे म्हणा ना.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१ क आलं. त्यानुसार मालकाच्या परवानगीशिवाय, फक्त नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून कव्हर काढायचं असेल, तर मूळ गाणं आलं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं. दरवर्षी किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी भरायची. आणि मालकाच्या संमतीने आधी झालेला किंवा तांत्रिकदृष्ट्या अटळ असलेला बदल सोडला, तर शब्दांत-संगीतात बदल करायचा नाही. थोडक्यात, यंदाचं हिट गाणं यंदाच बैठकीच्या लावणीत बसवून रीतसर प्रसिद्ध करायचं, तर म्युझिक कंपनीच्या दारात उभं राहण्यावाचून गत्यंतर नाही. या कलमामागे कारण होतं. ऐंशीच्या दशकात जुन्या गाण्यांच्या स्वस्त 'व्हर्जन' कॅसेटींनी बाजार भरून गेला होता आणि मूळ निर्मात्यांना त्याचा जाच झाला होता. पण पाच वर्षांनी कव्हरची गंमत शिळी होते हो! 'वंडरवॉल'ची थट्टा दोन महिन्यांत आली म्हणून चालली. माझं मत विचाराल तर रॉयल्टी चोख घ्या, हवं तर वाढवा, पण शैली बदलण्याची मुभा द्या. आजच्या अटींमध्ये पैसेवाली कंपनी '२.०' काढू शकते आणि कॉलेजातला बँड मात्र अडून बसतो.

आणि आता कुणीच नाही

तोवर मागच्या दाराने एआय आत आलंय. २०२५ मध्ये 'सैयारा'चं शीर्षकगीत किशोरकुमारांच्या आवाजात फिरत होतं, आपण सगळ्यांनी ऐकलं. किशोरदा गेले १९८७ मध्ये. रॅपचं साठच्या दशकातलं सोल करून देणारी चॅनेलं तर ढिगाने झालीत. हे ऐकायला वाईट असतं असं मी म्हणणार नाही. बऱ्याचदा चांगलं असतं, तीच तर पंचाईत आहे.

मित्रमंडळी यावर वाद घालतात, 'ऐकताना मजा येते ना? मग कुणी वाजवलं याच्याशी काय देणंघेणं?' दुसरा मुद्दा, 'ज्याला वाद्य परवडत नाही त्यालाही आता गाणं करता येतं.' दुसरा मुद्दा मला मान्य आहे. घरात पेटी नसलेल्या पोराने मोबाइलवर चाल बांधली तर आनंदच आहे. पण 'जुन्या शैलीतलं कव्हर' या प्रकारात नेमकं काय होतं ते बघा. पूर्वी 'सोल व्हर्जन' हवं असेल तर सोल गाणारा माणूस शोधावा लागायचा. तो म्हणायचा, 'ही ओळ अशी नाही बसणार, इथे थांबावं लागेल.' तो थांबा, ती खटपट, म्हणजेच शैली. आता त्या माणसाने आयुष्यभर केलेल्या रेकॉर्डिंगवर यंत्र शिकलंय, आणि काम त्याला मिळायच्या ऐवजी एका बटणाला मिळतंय. फॅट्स डॉमिनोला निदान गीतकार म्हणून पैसे मिळत होते. इथे शैलीवाल्यालाही नाही आणि आवाजवाल्यालाही नाही.

आवाजाच्या बाबतीत तरी न्यायालयं जागी झालीत. २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की परवानगीशिवाय एआयने कुणाचा आवाज बनवून वापरणं हा त्या कलाकाराच्या व्यक्तिमत्त्व हक्काचा भंग आहे. ज्याच्या पाठीशी वकील आहे त्याच्यासाठी हे ठीक. पण क्लॅरिनेटवाल्याच्या फुंकेला, ढोलकीवाल्याच्या बोटांना कुठलं न्यायालय नाव देणार? तिथे उरतो फक्त ऐकणारा, म्हणजे तुम्ही-आम्ही.

म्हणून एक साधी सवय सुचवतो. असं एखादं कव्हर आवडलं की एकाच बैठकीत तीन गाणी ऐकायची. एक मूळ नवं गाणं. दुसरं ते कव्हर. आणि तिसरं, ज्या शैलीचा कोट घातलाय त्या शैलीतलं, त्या काळातलं एक खरं रेकॉर्डिंग. डू-वॉप व्हर्जन आवडलं तर 'द प्लॅटर्स' ऐका, बिग बँड आवडला तर काउंट बेसी ऐका. तिसऱ्या गाण्यानंतर कव्हरकडे परत गेलात आणि ते अजूनही उभं असेल, तर ते चांगलं. पडलं, तर पहिल्या मिनिटाचा हशा झाला, तेवढं पुरे.

आणि ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी: युवा महोत्सव दरवर्षी येतो, आणि दरवर्षी तीच पाच गाणी त्याच पद्धतीने वाजतात. यंदा एखादं हिट गाणं नाट्यगीताच्या ढंगात किंवा लावणीच्या ठेक्यात बसवून बघा. पण 'लावणी बीट' म्हणून लूप डाउनलोड करू नका. गावात, पेठेत, चाळीत ढोलकी वाजवणारे काका अजून आहेत. त्यांच्या घरी जा, गाणं ऐकवा, ते हसतील, 'हे कसलं गाणं रे' म्हणतील, आणि मग बोटं चालू होतील. तालमीचे पैसे द्या. कार्यक्रमात त्यांचं नाव घ्या, गाण्याच्या आधी.